कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बाहेरच्या ईसीयूला जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशातल्या आमच्या शेडमध्ये गाड्यांपेक्षा फोनवर प्रश्न जास्त येतात. बहुतेक रात्री अकरानंतर, सोबत अंधारात काढलेला कपलरचा फोटो: "बाब, ही वायर कुठली?" त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एकदा सांगितलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे. सगळं पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक; बाहेरचा म्हणजे गाडीसोबत न आलेला, नंतर घातलेला. कॉइल प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज बनवते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप (बटरफ्लाय) केबलऐवजी मोटर हलवते. तुमच्या ईसीयूच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिका खरी.

१. ईसीयू कॉइलला नक्की काय देतो? करंट की नुसता इशारा?

दोन्ही प्रकार असतात, आणि अर्धे घोटाळे इथूनच सुरू होतात. कॉइलच्या प्रायमरीतून (पहिल्या गुंडाळीतून) करंट वाहू दिला की तिच्यात ऊर्जा साठते. तो करंट झटक्यात तोडला की सेकंडरीत (दुसऱ्या गुंडाळीत) हजारो व्होल्ट उठतात आणि प्लगवर ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी तोडताना पडते, जोडताना नाही. हे जोडणं-तोडणं पूर्वी डिस्ट्रिब्युटरमधला सीबी पॉइंट करायचा, आता एक ट्रान्झिस्टर करतो. त्यालाच इग्नायटर म्हणतात. तो कॉइलच्या आत असेल तर ईसीयूने फक्त ५ व्होल्टचा इशारा द्यायचा. कॉइलमध्ये नसेल तर तो ईसीयूत किंवा मधल्या मोड्यूलमध्ये असायलाच हवा.

२. माझी कॉइल साधी आहे की आत इग्नायटर असलेली, हे ओळखायचं कसं?

पिना मोजा, मग मीटर लावा. दोन पिना म्हणजे साधी, त्यांच्यामध्ये ०.३ ते १ ओहम मिळेल. जुन्या डब्यासारख्या तेलाच्या कॉइलमध्ये ३ ओहमच्या आसपास. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा, स्वस्तातला मीटर स्वतःचेच ०.३ ओहम दाखवतो. तीन किंवा चार पिना असल्या तर बहुधा आत इग्नायटर आहे.

"बहुधा" म्हणतोय, कारण एक जात फसवते. चार प्लगच्या वायरी निघणारा एकच ठोकळा आणि खाली तीन पिना: त्यात एक पिन सामाईक १२ व्होल्टची, उरलेल्या दोन दोन वेगवेगळ्या प्रायमरींच्या. सामाईक पिनेपासून दोन्ही बाजूंना सारखाच, साधारण अर्ध्या ओहमचा आकडा आला तर तो ठोकळा साधा आहे, पिना तीन असल्या तरी.

३. साधी कॉइल सरळ ईसीयूच्या इग्निशन आउटपुटला जोडली तर चालेल ना?

आउटपुटमागे कॉइल ओढायच्या ताकदीचा ट्रान्झिस्टर असेल तर चालेल. नुसता लॉजिक आउटपुट असेल तर नाही. लॉजिक आउटपुट काही मिलिअँपिअरसाठी असतो आणि साधी कॉइल सहा-आठ अँपिअर ओढते. पहिल्या सेल्फलाच आउटपुट उडतो, आणि माणूस मग दोन दिवस क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टची जागा सांगणारा) तपासत बसतो. अशा ईसीयूला मध्ये इग्नायटर मोड्यूल लावा. ते गरम होतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून बसवा.

उलटंही होतं. ताकदीचा आउटपुट फक्त अर्थकडे ओढू शकतो, स्वतः ५ व्होल्ट देऊ शकत नाही. त्याच्यावर इग्नायटरची कॉइल लावली तर ठिणगीच पडत नाही. काही ईसीयूत हा प्रकार सॉफ्टवेअरमध्ये निवडता येतो, काहींत बोर्डावर बदल लागतो.

४. चार पिनांच्या कॉइलमध्ये कुठली पिन कशाची?

जास्त विचारल्या जाणाऱ्या तीन सांगतो. तरी कपलरवरचे आकडे भिंगाने वाचा, आरशातल्यासारखी उलटी बाजू धरू नका.

टोयोटा: १२ व्होल्ट, अर्थ, ट्रिगर, आणि "ठिणगी पडली" असं मूळ ईसीयूला कळवणारी चौथी वायर. बाहेरच्या ईसीयूला चौथी लागत नाही. टोक स्लीव्हने बंद करून सोडून द्या, अर्थला लावू नका.

जनरल मोटर्सची एलएस कॉइल: ए पॉवर अर्थ, बी सिग्नल अर्थ, सी ट्रिगर, डी १२ व्होल्ट.

फोक्सवॅगन-ऑडीची पेन्सिल कॉइल: १ वर १२ व्होल्ट, ३ वर ट्रिगर, २ आणि ४ दोन्ही अर्थ. इथे लोक "अर्थ तो अर्थ" म्हणून एकच जोडतात. एक अर्थ इग्नायटरचा आणि दुसरा सेकंडरीचा आहे. दुसरा सोडला तर ठिणगीचा परतीचा करंट नको त्या वाटेने जातो आणि ईसीयू मधूनच रिसेट होतो. दोन्ही सिलिंडर हेडवर आणा (प्रश्न ८).

५. ड्वेल किती ठेवू? मित्राच्या गाडीत ३ आहे, तेच टाकू?

मित्राची कॉइल तीच असेल तरच. ड्वेल म्हणजे ठिणगीआधी कॉइल भरायला दिलेला वेळ, मिलिसेकंदांत. तो कॉइलवर आणि त्या क्षणीच्या बॅटरीच्या व्होल्टेजवर ठरतो. म्हणून ड्वेल हा एक आकडा नसतो, तो तक्ता असतो.

उदाहरण घ्या. प्रायमरी ४ मिलिहेन्री, रोध ०.५ ओहम, आपल्याला ७ अँपिअर हवेत. इंजिन चालू असताना १४ व्होल्टला एवढा करंट चढायला सुमारे २.३ मिलिसेकंद लागतात. थंड सकाळी सेल्फ मारताना व्होल्टेज ९ वर आलं तर त्याच ७ अँपिअरला ३.९ मिलिसेकंद. तक्त्यात सगळीकडे २.३ टाकले तर गरम गाडी पटकन लागते आणि सकाळी लागत नाही. लोक दोष पेट्रोलला देतात.

दुसऱ्या टोकाला वेळेची मर्यादा. ६००० आरपीएमला एक फेरी १० मिलिसेकंदांत होते. वेस्टेड स्पार्कमध्ये (एक ठिणगी कामाची, पुढची एक्झॉस्टच्या वेळी वाया) प्रत्येक कॉइल दर फेरीला एकदा पडते, म्हणजे जागा भरपूर. पण चार सिलिंडरना डिस्ट्रिब्युटरमधून एकच कॉइल असेल तर दोन ठिणग्यांमध्ये फक्त ५ मिलिसेकंद, त्यातच ठिणगी जळायलाही वेळ हवा.

कॉइलची माहितीच नसेल तर १४ व्होल्टला २ मिलिसेकंदांवर सुरू करा आणि ऑसिलोस्कोपवर करंट क्लॅम्प लावून बघा. रेघ तिरकी चढते, आणि जिथे अचानक वर उभी वळते तिथे कॉइलमधलं लोखंड चुंबकत्वाने पूर्ण भरलं. त्याच्या थोडं आधी थांबा. क्लॅम्प नसेल तर अंदाजाने वाढवत नेऊ नका. एलएस कॉइलला ड्वेल फार दिला तर ती स्वतःला वाचवायला आपणहून ठिणगी टाकून मोकळी होते, म्हणजे टायमिंगच्या आधी. पिस्टनला त्याचं काय वाटतं ते पिस्टन काढल्यावर कळतं.

६. चावी ऑन केली की इंजिन बंद असतानाच कॉइल भाजण्याइतकी गरम होते. कॉइल खराब?

अजून नसेल, पण होईल. चावी बंद करा. ट्रिगरची दिशा उलटी आहे. बहुतेक इग्नायटर कॉइल सिग्नल वर असताना भरतात आणि खाली पडताना ठिणगी देतात. सेटिंग उलटं असेल तर इंजिन थांबलेलं असताना आउटपुट वरच राहतो आणि कॉइल भरतच राहते. माझ्या हातून पहिल्याच वर्षी एका झटक्यात चार कॉइल अशा गेल्या. तेव्हापासून नियम: कॉइलचा फ्यूज काढून ईसीयूला पॉवर द्यायची, सेटिंग वाचायचं, ट्रिगर वायरवर मीटरने शून्य आहे ना बघायचं, मगच फ्यूज लावायचा.

७. वेस्टेड स्पार्क ठेवू की सिक्वेन्शिअल करू?

सिक्वेन्शिअल म्हणजे प्रत्येक सिलिंडरला फक्त कामाची ठिणगी. कॅम सेन्सर नसेल तर वेस्टेड, कारण एकट्या क्रँकवरून ईसीयूला कॉम्प्रेशन कुठलं आणि एक्झॉस्ट कुठला ते कळत नाही. चार सिलिंडरला १-४ आणि २-३ अशा जोड्या. ताकदीत फरक पडत नाही. कॅम सेन्सर असला तरी गाडी पहिल्यांदा वेस्टेडवरच चालू करा. कॅमची फेज ३६० अंशांनी चुकलेली असेल तर सिक्वेन्शिअलमध्ये इनटेकमधून फटाके वाजतात.

एक अपवाद. चार साध्या कॉइल आणि आउटपुट फक्त दोन असतील तर दोन कॉइल एका आउटपुटवर समांतर लावू नका, ट्रान्झिस्टरवर दुप्पट भार येतो. एकामागे एक जोडल्या तर प्रश्न ५ मधल्या कॉइलचे २.३ मिलिसेकंद साडेपाचवर जातात. मधला चार चॅनेलचा इग्नायटर स्वस्त पडतो.

८. अर्थ कुठे कुठे द्यायचा? बॉडीला दिला तर काय बिघडतं?

या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा. "ईसीयू गेला" म्हणून येणाऱ्या गाड्यांत ईसीयू क्वचितच गेलेला असतो.

तीन अर्थ वेगळे समजा. पहिला, पॉवर अर्थ: कॉइलचा आणि ईसीयूच्या जाड अर्थ पिनांचा. हे सगळे इंजिनवर, शक्यतो हेडवरच्या एकाच बोल्टजवळ. दुसरा, सेन्सर अर्थ: टीपीएस (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा), तापमान, प्रेशर, पेडल. हे फक्त ईसीयूच्या सेन्सर अर्थ पिनेला परत जातात, बॉडीला किंवा इंजिनला कुठेही टेकत नाहीत. तिसरा, क्रँक सेन्सरच्या वायरीवरचं शिल्ड: ते एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला जोडायचं, दुसरं टोक कापून स्लीव्ह. दोन्ही टोकं जोडली तर शिल्डच अर्थची वायर होऊन बसतं.

सेन्सर अर्थ बॉडीला दिला की पंखा किंवा हेडलाइट लागल्यावर बॉडीत जो थोडा व्होल्टेज पडतो तो सगळ्या सेन्सरच्या आकड्यांत मिसळतो. साध्या थ्रॉटलच्या गाडीत स्लो (पेडल न दाबता इंजिनाचा वेग) हलतं एवढंच. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला तेच पेडल दाबल्यासारखं दिसतं.

तपासणी सोपी. सेल्फ मारत असताना मीटर बॅटरीच्या मायनस खांबावर आणि हेडवर लावा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर इंजिनची अर्थ केबल बदला. मग इंजिन चालू, दिवे-पंखा-एसी चालू, मीटर बॅटरी मायनस आणि ईसीयूच्या अर्थ पिनेवर, ०.१ च्या आत हवं. थिंबलखालचा (वायरीच्या टोकाच्या कडीखालचा) रंग खरवडला का, हे मी आता विचारत नाही, स्वतः उघडून बघतो. इंजिन रंगवून घेतलेल्या गाडीत रंगाखाली अर्थ हरवलेला तीनदा सापडला आहे.

९. रिले, फ्यूज आणि वायरची जाडी?

चार कॉइलना स्वतंत्र रिले, १५ ते २० अँपिअरचा फ्यूज, फ्यूजपासून फाट्यापर्यंत २.५ स्क्वेअर एमएम, पुढे प्रत्येक कॉइलला १. ट्रिगर आणि सेन्सरना ०.५ पुरे. थ्रॉटल मोटरला १ ते १.५, दोन्ही वायरींना पीळ देऊन. कॉइलची पॉवर चावीच्या स्विचवरून "डायरेक्ट" घेऊ नका.

१०. ३००० पर्यंत मस्त, पुढे मिसिंग मारते. ईसीयूच्या ग्राफवर आरपीएमची रेघ वेडीवाकडी येते.

वेडीवाकडी रेघ म्हणजे ठिणगीचा गोंगाट क्रँक सेन्सरपर्यंत पोचतोय, किंवा क्रँक सेन्सरची प्लस-मायनस उलटी लागली आहे. आधी प्लग बघा: एनजीकेच्या आकड्यात बीकेआर६ई मधला आर म्हणजे आत रेझिस्टर. आर नसलेला प्लग बाहेरच्या ईसीयूसोबत वापरू नका. मग क्रँकची वायर कॉइलच्या वायरींसोबत एकाच स्लीव्हमध्ये बांधली आहे का बघा. वेगळ्या वाटेने न्या. शिल्डचं प्रश्न ८ मध्ये.

रेघ सरळ असून फक्त जोर लावल्यावर मिसिंग येत असेल तर प्लगचा गॅप किंवा कमी ड्वेल. टर्बो गाडीत गॅप कमी करावा लागतो, कारण दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं कठीण होतं.

११. टायमिंग लाइट दुप्पट दाखवतो. ईसीयूत १०, पुलीवर २०.

वेस्टेड स्पार्कमध्ये लाइट दर फेरीला पेटतो आणि काही लाइट अंशांचा हिशेब दुप्पट करतात. लाइटचा डायल शून्यावर ठेवा, ईसीयूत टायमिंग १० वर लॉक करा आणि पुलीवरची १० ची खूण जुळते का तेवढंच बघा.

१२. बाइकची मूळ कॉइल दोन पिनांचीच आहे. तीच ठेवू?

बाइकला मुळात सीडीआय असेल तर नको. सीडीआय आधी कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठवून ते एकदम कॉइलमध्ये सोडतो. ती कॉइल स्वतः ऊर्जा साठवायला बनलेलीच नसते, म्हणून ईसीयूवर लावली की ठिणगी मरतुकडी पडते आणि ट्रान्झिस्टर तापतो. इंजेक्शनच्या बाइकची कॉइल लावा.

१३. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल घालणं गरजेचं आहे का? माझ्या गाडीला केबल आहे.

नाही. केबल चांगली असेल तर राहू द्या. माझं प्रामाणिक मत: पहिल्या प्रोजेक्टला केबलच. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल तेव्हा, जेव्हा इंजिनासोबत तोच येतो. फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय इंजिनं किंवा २०१७ पासूनची ड्यूक ३९० ही त्यातली. स्लो सांभाळणं, ट्रॅक्शन, क्रूझ हे फायदे खरे आहेत. पण केबल अडकली तर एक्सलेटर पायाला कळतो, इथे सगळं वायरिंगवर.

१४. थ्रॉटल बॉडीला सहा पिना आहेत. मोटरच्या कुठल्या?

दोन मोटर, एक ५ व्होल्ट, एक सेन्सर अर्थ, दोन पोझिशन सिग्नल. मोटरच्या पिनांमध्ये थोडेच ओहम मिळतात आणि बटरफ्लाय हाताने हलवला की आकडा नाचतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी क्षणभर लावली की बटरफ्लाय उडी मारतो. बोटं बाहेर ठेवा, ती कापली जातील इतका जोर असतो.

दोन सिग्नल मुद्दाम वेगळे असतात. बऱ्याच बॉशच्या थ्रॉटलमध्ये एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि बेरीज ५ व्होल्टच्या जवळ राहते. काही कंपन्यांत दोन्ही वर जातात, वेगवेगळ्या उताराने. सेन्सर हॉल प्रकारचा (चुंबकावर चालणारा) असेल तर ओहम मोजून काही कळणार नाही, ५ व्होल्ट देऊन सिग्नल वाचा.

१५. माझ्या ईसीयूत थ्रॉटलची सोय नाही. मोटरला एक मॉस्फेट लावून चालवू का?

नको रे बाबा. मोटर दोन्ही दिशांना ढकलावी लागते, एक मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचा स्विच) तिला एकाच दिशेला ढकलतो. करंट नसताना स्प्रिंग बटरफ्लायला किंचित उघडं ठेवते. तिथून आणखी बंद करायचं तर मोटर उलटी फिरवावी लागते. त्याला एच-ब्रिज (मोटर दोन्ही दिशांना चालवणारं सर्किट) लागतो, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर. रसईएफआय हा ईसीयू थ्रॉटल स्वतः चालवतो. मेगास्क्वर्ट ३ या ईसीयूला वेगळा थ्रॉटल कंट्रोलर जोडावा लागतो.

१६. पेडलच्याही सहा वायरी. दोन ५ व्होल्ट एकत्र केले तर?

चालतं, पण ईसीयूत दोन वेगळे ५ व्होल्ट असतील तर वेगळेच ठेवा. पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात, एकाची वायर तुटली तरी दुसरा साक्ष द्यायला उरावा म्हणून. फोक्सवॅगनच्या पेडलमध्ये दुसरा सिग्नल पहिल्याच्या अर्धा असतो. दोन्ही सिग्नल एकाच सेन्सरवरून घेऊन "जुगाड" करणारे भेटतात. त्यांनी माझ्याकडे गाडी आणू नये.

१७. कॅलिब्रेशन मध्येच फेल होतं.

इंजिन बंद, चावी ऑन, बॅटरी १२ व्होल्टच्या वर, असं करून बघा. तरी फेल होत असेल तर मोटरच्या दोन वायरी उलट्या आहेत: ईसीयू "उघड" म्हणतो आणि बटरफ्लाय मिटतो. अदलाबदल करा. मग बटरफ्लायच्या कडेचा काळा चिकटा पुसा. तो असताना शून्य चुकीचं शिकलं जातं.

कॅलिब्रेशन झालं पण थ्रॉटल गुणगुणतो किंवा एका जागी थरथरतो, तर पीआयडीचे (बटरफ्लायला हव्या जागी आणणाऱ्या हिशेबाचे पी, आय, डी) आकडे जास्त आहेत. डी आधी कमी करा.

१८. चोर्ला घाटात चढणीला गाडीने अचानक रेस घेणं बंद केलं. बंद करून चालू केली तर ठीक. ईसीयू बदलू?

ईसीयूने आपलं काम केलं. दोन सिग्नल एकमेकांशी जुळले नाहीत म्हणून त्याने मोटरची पॉवर तोडली आणि बटरफ्लाय स्प्रिंगच्या जागी आला. लॉग उघडा. पेडलचे दोन सिग्नल फुटले की थ्रॉटलचे, ते तारखेसकट दिसेल. पेडलचे असतील तर बहुतेक वेळा कपलरमधली सैल पिन, किंवा पायाखालच्या गालिच्यात मुरलेलं पाणी. थ्रॉटलचे असतील तर इंजिन हलल्यावर ताणली जाणारी वायर. इंजिन आणि बॉडीच्या मध्ये हाताची वीतभर सैल लूप हवी.

काही जण ईसीयूत दोन सिग्नलमधल्या फरकाची मर्यादा वाढवून लक्षण गायब करतात. घाटात उतरताना थ्रॉटल उघडाच राहिला तर ही मर्यादाच तुम्हाला वाचवणार होती.

१९. रस्त्यावर काढण्याआधी काय तपासू?

थ्रॉटल मोटरची पॉवर वेगळ्या रिलेतून, आणि तो रिले ईसीयूच्या ताब्यात असलाच पाहिजे. मग इनटेक पाइप काढून, चावी ऑन: पेडल अर्धं दाबून पेडलचा कपलर ओढा. बटरफ्लायने स्प्रिंगच्या जागी यायला हवं. परत जोडा, आता एकेक सिग्नल वायर एकेकदा काढा. प्रत्येक वेळी रिले सुटल्याचा टक् आवाज ऐकू आला पाहिजे. शेवटी इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि हेच पुन्हा. इंजिन थोड्या चढ्या स्लोवर येऊन थांबलं तर पास. ब्रेक स्विचही ईसीयूला जोडा. एकही चाचणी नापास असेल तर गाडी गेटबाहेर नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

२०. गोव्याच्या पावसाचं काय? दोन पावसाळ्यांत पिना हिरव्या होतात.

इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि समुद्राजवळच्या गावांत हवेतच मीठ. तांब्याला कळंक चढणारच. रबर सील असलेले कपलर, कल्हई केलेली तांब्याची वायर, आत गोंद असलेली स्लीव्ह, पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस. कपलरजवळ वायर आधी खाली वळवून मग वर न्या, म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं. कॉइलच्या विहिरीत पाणी साचलं की ठिणगी प्लगऐवजी हेडला जाते. रबर बूट तपासा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ईसीयूत किंवा कपलरमध्ये भरू नका, त्यातलं ॲसिडच तांबं खातं. ईसीयू केबिनमध्ये, पण पायाखाली नाही.

२१. डाख द्यायचा की क्रिंप?

क्रिंप, योग्य पक्कडीने. डाख वायरीत वर चढतो आणि जिथे संपतो तिथेच हादऱ्याने तुटते.

२२. सायलेन्सरला वेल्डिंग करायचंय. ईसीयू काढू?

बॅटरी आणि ईसीयूचे कपलर दोन्ही काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

२३. आरटीओला चालतं का?

मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन बदलत असाल तर आधी परवानगी. विमा कंपनीलाही लेखी कळवा. फक्त ट्रॅकसाठी गाडी असेल तर ट्रॅकपर्यंत ट्रकवरून न्या.

२४. चवथीच्या आधी गाडी मिळेल का?

कॉइलचं वायरिंग चार दिवसांत होतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर प्रश्न १९ च्या चाचण्या मी कोरड्या रस्त्यावरही परत करतो, आणि चवथीच्या आधी गोव्यात कोरडा रस्ता कधी मिळेल ते मला विचारू नका. केबल थ्रॉटलची गाडी असेल तर सोमवारी आणा.